दाजींचा मी लिहिलेला शेवट

गेल्या महिन्यात इथे बेळगावातल्या एका वाचनालयात तरुण मंडळींनी मला बोलावलं. ‘गोष्ट कशी लिहावी’ हा विषय. वीस वर्षांपूर्वी एका मासिकात नाव छापून आलेला दुसरा कोणी त्यांना सापडला नसावा. मी गेलो, चहा घेतला आणि तासभर बोललो. तपशील खरे असावेत म्हणालो. पात्राच्या घरात चूल कुठल्या अंगाला आहे हे लेखकाला ठाऊक हवं. नऊ तपशील खरे दिले की दहावा खोटा वाचक निमूट गिळतो, असंही मोठ्या ऐटीत सांगितलं. पोरांनी ते वह्यांत उतरवून घेतलं.

टिळकवाडीला घरी चालत येताना मला स्वतःचाच राग आला. तो दहावा खोटा तपशील ज्यांनी गिळला त्यांचं पुढे काय झालं, हे मी त्या पोरांना सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड नव्हतं. म्हणून आता कागदावर उतरवतो आहे. आयुष्यात बरीच वाक्यं मी सजवून लिहिली, ही तरी सरळ लिहावीत.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि आक्का बारा वर्षांची. वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला. सकाळी जात ते दिवेलागणीला येत, अंगाला तंबाखूचा वास घेऊन. मला वाढवलं आक्कानंच. ती मला ‘तम्मा’ म्हणायची. कानडीतला हा धाकट्या भावाचा शब्द आमच्या भागात मराठी घरांतही चालतो. तिला येळ्ळूरला दिलं, आणि मी इंग्रजी शाळेत जाण्याजोगा झाल्यावर तिनं मला आपल्याकडे नेलं. बहिणीच्या सासरी राहून शिकणं म्हणजे रोज दुसऱ्याच्या ताटात जेवणं. पण तिच्या सासऱ्यांनी, ज्यांना मी मामा म्हणायचो, ते मला कधी जाणवू दिलं नाही. येळ्ळूरहून अनगोळमार्गे बेळगावला पायी शाळा आणि संध्याकाळी तसंच परत, अशी माझी सहा वर्षं गेली.

आक्काचे यजमान, म्हणजे माझे दाजी, उंच आणि अबोल गृहस्थ. त्यांची एकच खोड होती. त्यांना ताक लागायचं. दोन्ही वेळच्या जेवणात, शेतावर, पाहुण्यांकडे गेले तरी. पाण्याऐवजी ताक मागणारा माणूस म्हणून भावकीत त्यांची चेष्टा व्हायची. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बेळगावच्या छावणीत भरती निघाली, तेव्हा गावातल्या आणखी दोघांबरोबर ते पलटणीत गेले आणि तिथून बसऱ्याला, इराकच्या आघाडीवर.

तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि घरात वाचता येणारा मी एकटाच. दाजींना लिहिता येत नव्हतं, पलटणीतला कोणीतरी त्यांची पत्रं लिहून देई. त्यामुळे सगळी पत्रं एका छापाची. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असावं, बैलांची निगा राखावी, वडील माणसांना दंडवत. आक्काच्या नावाचं त्यात एक अक्षर नसायचं. परक्या माणसाकडून बायकोला काय लिहवून घेणार? मी सोप्यात बसून पत्र वाचायचो, मामा कान देऊन ऐकायचे आणि आक्का आतल्या दाराआड उभी असायची. तिचा चेहरा दिसायचा आणि मला राहवायचं नाही. मी शेवटी एक ओळ आपल्या पदरची घालायचो. ‘घरात सांगावे की, तिच्या हातच्या ताकाची फार आठवण येते.’ ती गालातल्या गालात हसायची आणि चुलीकडे जायची.

माझं पहिलं कथालेखन ते. घालायला शिकलो तसा गाळायलाही शिकलो. एका पत्रात ताप येऊन पंधरा दिवस दवाखान्यात होतो असं होतं, ते मी सफाईनं गाळलं. आक्कानं संध्याकाळी भांडी घासताना मला हटकलं. तू मध्येच थांबलास, तिथं काय होतं, असं तिनं विचारलं. मी काही नाही म्हणालो. ती म्हणाली, तू वाचताना आवंढा गिळलास की मला कळतं. एवढं बोलून तिनं विषय सोडून दिला. माझी चोरी पकडली गेली याची मला लाज वाटली, पण पुढच्या पत्रातही मी तेच केलं.

मग पत्रं बंद झाली. काही महिन्यांनी सरकारी कागद आला, इंग्रजीत. अमुक लढाईनंतर सदर शिपाई सापडत नाहीत, एवढाच मजकूर. तो मात्र मी जसाच्या तसा वाचला. त्यात घालायला किंवा गाळायला काही नव्हतंच. आक्का पहिल्यांदाच दाराआडून बाहेर सोप्यात आली आणि मेले असं लिहिलंय का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. मग झालं, असं म्हणून ती आत गेली.

परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची अशी आमच्याकडे चाल आहे. बारा वर्षांत आला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे आणि त्या दिवशी त्याच्या बायकोनं कुंकू पुसायचं. तोवर ती सवाष्ण. आक्का सवाष्ण राहिली. हळदीकुंकवाला जायची, ओटी भरून घ्यायची, पेरणीच्या दिवशी कुरीची, म्हणजे पाभरीची, पूजा करायची. आणि रोज संध्याकाळी तव्यावरची पहिली भाकरी काढून टोपलीखाली ठेवायची. ती दाजींच्या नावाची. सकाळी ती बैलाला घालायची. तिला मूलबाळ नव्हतं. त्या घरात ती जी काही होती, ती कपाळावरच्या कुंकवामुळे होती. हे मला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं म्हणायची सोयच नाही.

मॅट्रिक होऊन मी निपाणीला मास्तर झालो आणि मला लिहिण्याचं वेड लागलं. पुण्याच्या एका मासिकाकडे मी गोष्टी पाठवायचो आणि त्या तशाच परत यायच्या. राजवाडे, सरदार, कड्यावरून उडी घेणारी कुलीन कन्या असलं काहीबाही मी लिहायचो. मी कुलीन कन्या बघितली नव्हती आणि कडाही धड बघितला नव्हता. शेवटी एकदा वैतागून मी माहितीतलं लिहिलं. येळ्ळूरचं घर, दाजींची पत्रं ठेवलेली पत्र्याची ट्रंक, दारामागे उभी राहून पत्र ऐकणारी बाई, ती टोपलीखालची भाकरी. नावं तेवढी बदलली. लिहिताना कुठे अडलो नाही. सगळं समोर दिसत होतं.

संपादकांचं उत्तर आलं. गोष्ट त्यांना फार आवडली होती, पण तिला शेवट नाही अशी त्यांची तक्रार होती. तो आला की मेला हे वाचकाला कळायला हवं. अधांतरी सोडलेली गोष्ट आम्ही छापत नाही, शेवट करून पाठवा, पुढच्या अंकात घेतो.

एका रविवारी मी शेवट लिहायला बसलो. दाजी परत येतात, असं आधी लिहून बघितलं. ते संगीत नाटकाच्या शेवटच्या अंकासारखं वाटायला लागलं, म्हणून फाडलं. मग मारायचं ठरवलं. निपाणीतल्या एका वखारीच्या फाटकावर एक लंगडा पहारेकरी होता, बसऱ्याहून आलेला. त्याचा एक सोबती तिथल्या तंबूतल्या दवाखान्यात तापानं गेला, ते त्यानं मला कधीतरी सांगितलं होतं. माशा, खजुराची झाडं, तापलेलं कापड आणि शेवटपर्यंत पाणी पाणी करणारा माणूस. मी ते मरण उचललं आणि दाजींना दिलं. आणि पाण्याच्या जागी ताक केलं. माझा तो माणूस त्या वाळवंटात, मरताना, ताक मागतो. हे सुचलं तेव्हा मी एकटाच खोलीत उठून येरझाऱ्या घातल्या, इतका आनंद झाला. गोष्टीतली ती सगळ्यात चांगली जागा होती. आजही आहे.

त्या वेळी आक्काची आठवण झाली नाही का, असं कोणी विचारेल. झाली होती. ती माझ्या गोष्टीतली बाई म्हणून झाली. माझी बहीण म्हणून झाली नाही. याहून वाईट काही मी स्वतःबद्दल लिहू शकत नाही.

गोष्ट छापून आली. पंधरा दिवसांनी येळ्ळूरहून आक्काच्या दिराचं पत्र आलं, गावातल्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. तुमची गोष्ट मारुतीच्या देवळात वाचली, बायाबापड्या रडल्या, आमच्या वडिलांनी तुम्हाला बोलावलं आहे. मी पहिली दोन वाक्यं वाचून इतका फुगलो की पत्र हेडमास्तरांना दाखवायला नेलं. तिसऱ्या वाक्याचा अर्थ काय असेल, हे शनिवारी मोटारीत बसेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही.

सोप्यात मामा बसले होते. ते आता बरेच थकले होते. शेजारी दीर, गावातले दोन वडीलधारे आणि ते वाचून दाखवणारे मास्तर. मासिक घोंगड्यावर मधोमध ठेवलं होतं. मामांनी मला जवळ बसवलं आणि पोरगा गेल्याचं तुला कुठून कळलं, कोण सांगायला आलं होतं, असं विचारलं. मी म्हणालो, मामा, कोणी सांगितलेलं नाही, शेवट मी मनानं लिहिलाय.

मामांनी मान हलवली आणि शांतपणे एकेक विचारत गेले. ट्रंक आमचीच ना? होय. सरकारचा कागद आला तो खरा ना? होय. सून भाकरी काढून ठेवते ते खरं? होय. पोराला ताक लागायचं ते?

“होय,” मी म्हणालो.

“मग येवढं सगळं खरं लिवलंस आन् मरान तेवढं खोटं लिवलंस व्हय?”

यावर मी जे बोललो ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मी त्यांना कल्पना म्हणजे काय आणि कलेतलं सत्य कसं निराळं असतं ते सांगू लागलो. ट्रेनिंग कॉलेजात ऐकलेलं सगळं त्या म्हाताऱ्या माणसापुढे ओतलं. माझा आवाज कापत होता. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि असू दे, तुला बोलवत नाही ते दिसतंय, असं म्हणाले. त्यांचेही डोळे भरून आले होते. पोराला पाणी दिल्याशिवाय आपण मरू नये एवढीच त्यांची इच्छा उरली होती, आणि बारा वर्षं भरायला अजून दोन होती. तोवर आपण टिकू याची त्यांना खात्री नसावी, असा मी अर्थ लावला.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. ते मासिक फाडून चुलीत घालायला हवं होतं. पण खरं सांगतो, माझ्या मनाचा एक कोपरा त्या क्षणीही सुखावला होता. या लोकांना माझं लिहिलेलं इतकं खरं वाटलं होतं. आक्का आतल्या दारात उभी होती. तिच्या कपाळावर कुंकू होतं. ती माझ्याकडे बघत होती. आत्ताच पुतळा जाळायचं घरच्यांनी ठरवलं, तिथं ती बिचारी काय बोलणार, असं मी मनाशी म्हटलं. सोमवारी शाळेची तपासणी आहे अशी थाप मारून मी दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो.

पुढच्या आठवड्यात गावाजवळच्या गडाच्या बाजूला असलेल्या ओढ्यावर दर्भाचा पुतळा जाळला. मी गेलो नाही. त्यानंतर आक्काला पाहिलं ते दिवाळीत. कपाळ मोकळं, हात मोकळे. टोपलीखाली भाकरी नव्हती. मला वाटलं ती बोलणार नाही, पण ती माझ्याशी पूर्वीपेक्षाही मऊ वागली. जेवताना वाढून वाढून घालायची, अंगानं खंगलास म्हणायची, जणू दुःख माझ्यावरच कोसळलं होतं. तिच्या त्या मायेचा अर्थ मला लागला नाही आणि मी लावायचा प्रयत्नही केला नाही. मामा पुढच्याच वर्षी गेले.

त्यानंतर मला गोष्टीचा शेवट करता येईना. सुरुवात व्हायची, मधलं व्हायचं, आणि शेवटाकडे आलं की हात थांबायचा. पेटीत अशा अकरा अर्धवट गोष्टी आहेत. लोकांना मी सांगायचो, शाळेच्या कामातून वेळ मिळत नाही. वेळ रग्गड होता.

वर्षं गेली. दुसरं महायुद्ध झालं, छावणीत पुन्हा पोरं भरती झाली, काही परत आली, काहींचे कागद आले. मी तोवर बेळगावला बदलून आलो होतो. आक्का अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला तेव्हा सुट्टी टाकून येळ्ळूरला गेलो. ती सोप्यातच बाजेवर पडून होती. घरात आता दिराची सून सगळं बघत होती, गुणी मुलगी.

दुपारी आम्ही दोघंच होतो. इतक्या वर्षांचं साठलेलं मी त्या दिवशी बोललो. म्हणालो, आक्का, त्या दिवशी मामांपुढे मला नीट बोलता आलं नाही. त्यांनी तुझ्यावर बळजबरी केली आणि मी पळून गेलो. मला क्षमा कर.

ती माझ्याकडे नवलानं बघायला लागली.

“बळजबरी कुनी केली?” ती म्हणाली. “मामंजी म्हनत हुतं, आनखी दोन वर्सं थांबू. मीच नगं म्हनलं.”

मी का म्हणून विचारलं.

“तू लिवलंस न्हवं. पत्रं वाचतानाबी तुझं तसंच असायचं. वाईट आलं की गिळायचास. मला वाटलं, तम्माला कुठनं तरी कळलंय, तोंडावर सांगवंना झालंय, म्हनून गोष्टीत घालून सांगतोय. देवळात ते ताकाचं वाचलं, तवा तर खात्रीच पटली. ताक मागनारं त्येच. ते दुसऱ्या कुनाला ठावं असनार?”

मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. एवढं ओझं तू एकट्यानं पोटात कसं ठेवलंस, असं वाटून तेव्हा आपला जीव तुटायचा, असं ती म्हणाली. वीस वर्षं ती माझी कीव करत होती.

मला गप्प बसता आलं असतं. ती समजुतीनं जगली होती, समजुतीनं गेली असती. पण वाचताना गाळायची ती जुनी सवय मला त्या क्षणी इतकी किळसवाणी वाटली की मी बोलून गेलो. आक्का, मला काहीच ठाऊक नव्हतं. मरण दुसऱ्या कुणाचं होतं, ताक मी घातलं. दाजी मेले की जगले, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही.

 ती रागावली नाही, रडली नाही. ती रागावली असती तर मला फार बरं वाटलं असतं. मग तिनं विचारलं, “म्हंजी सरकारच्या कागदात हुतं तेवढंच?”

“तेवढंच.”

“सापडत न्हाईत. येवढंच.”

“होय, आक्का.”

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मी परसात जाऊन उगाच बैलांपाशी उभा राहिलो. दाजींच्या वेळचे बैल केव्हाच गेले होते, ही त्यांच्यानंतरची चौथी की पाचवी जोडी.

संध्याकाळी सुनेनं चूल पेटवली आणि पहिली भाकरी तव्यावर टाकली. आक्कानं बाजेवरूनच तिला हाक मारली. आवाज क्षीण होता, पण त्यात हुकूम होता.

“पोरी, पहिली भाकरी वाढू नगंस. टोपलीखाली ठेव.”

सून बाहेर आली. कोणासाठी ठेवायची, असं तिनं विचारलं. ती या घरात आली तेव्हा ती चाल मोडून बरीच वर्षं झाली होती, तिला काय कळणार?  आक्का कूस बदलून दाराकडे तोंड करून पडली होती. मग सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेला, लिहिणारा माणूस, मला माहीत असेल असं तिला वाटलं असावं. मी मान खाली घातली आणि तिनं आत जाऊन भाकरी टोपलीखाली ठेवली.

आक्का त्यानंतर चार महिने जगली. सून सांगते, एका संध्याकाळीही तिनं भाकरीची आठवण करून द्यायचं चुकवलं नाही.